‘चिठ्ठी दाखवा, मग गोळी देतो’: मेडिकलवाला असं का म्हणतो?

‘नशेच्या गोळ्यांचा साठा जप्त, दोघे अटकेत’ ही बातमी आता कुणी थांबून वाचतही नाही, इतकी नेहमीची झाली आहे. कधी मालेगावची, कधी छत्रपती संभाजीनगरची, कधी मुंबईच्या उपनगरातली. बातमीत ‘बटन’ किंवा ‘कुत्ता गोळी’ असं नाव असतं. या गोळ्या बहुतेकदा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामच्या निघतात. म्हणजे कुणाच्या तरी आईला झोप लागावी, जीव घाबरा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलीच औषधं.

आणि त्याच शहरात सत्तरीचे एक काका काउंटरवर हुज्जत घालत असतात. ‘अहो, पाच वर्षं इथूनच नेतोय, आजच चिठ्ठी कशाला हवी?’ मेडिकलवाला मान हलवतो, काका चिडून दुसऱ्या दुकानात जातात. तिथे गोळ्या मिळाल्या की त्यांची खात्रीच पटते, की पहिला उगाच शहाणपणा करत होता.

तो शहाणपणा नव्हता. पण तो नेमकं काय पाळत होता, हे ना त्याने नीट सांगितलं, ना काकांनी विचारलं. माझ्या मते या नियमांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की दुकानदार आपल्यावर संशय घेतोय असं गिऱ्हाइकाला वाटतं. कायद्याने त्याला माणसं पारखायला बसवलेलंच नाही. त्याच्याकडून मागितलाय तो हिशेब. दुकानात आलेली प्रत्येक गोळी कुठे गेली, याचा.

पाकिटावरची लाल अक्षरं

भारतात औषधविक्री चालते ती औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालच्या १९४५च्या नियमांवर. या नियमांना औषधांच्या याद्या जोडलेल्या आहेत. त्यांना ‘शेड्यूल’ म्हणतात. आपल्या कामाच्या तीन: एच, एच-वन आणि एक्स.

शेड्यूल एच सगळ्यात लांबलचक, पाचशेहून जास्त औषधांची. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, मानसिक आजारांवरच्या कितीतरी गोळ्या यात येतात. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात ‘आरएक्स’ छापलेलं असतं आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं अशी सूचना. प्रत्यक्षात ही सूचना किती पाळली जाते, ते आपण सगळे जाणतो.

एच-वन ही त्यातून वेगळी काढलेली यादी. ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. हिच्यात दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं शेजारी बसली आहेत. एकीकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी सवय लावणारी. दुसरीकडे सेफिक्झिम, मेरोपेनेमसारखी प्रतिजैविकं आणि टीबीची औषधं. सेफिक्झिमची नशा होत नाही, मग ते इथे का? कारण ते ऊठसूट खाल्लं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. सरकारला दोन्ही बाबतींत हवं होतं ते एकच: कोणी लिहिलं, कोणी नेलं, किती नेलं, याची नोंद. एच-वनच्या पाकिटावर लाल ‘आरएक्स’ असतो आणि लाल चौकटीत इशारा.

शेड्यूल एक्स सगळ्यात आखूड आणि सगळ्यात कडक. ॲम्फेटामाइन, काही बार्बिट्युरेट, भूल देण्याचं केटामाइन, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असलेल्या मुलांना दिलं जाणारं मेथिलफेनिडेट. हे विकायचं तर किरकोळ दुकानदाराला नेहमीच्या परवान्याखेरीज फॉर्म २०-एफचा वेगळा परवाना लागतो. माल कुलपात ठेवायचा, आणि तो खणही फक्त त्याच औषधांसाठी राखलेला. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. मेथिलफेनिडेटसाठी चार-चार दुकानं पालथी घालणाऱ्या पालकांना ‘आम्ही ठेवत नाही’ हे उत्तर वारंवार मिळतं, त्यामागे बहुधा हेच असतं. इतकी उठाठेव आणि गिऱ्हाईक महिन्याला दोन, असा व्यवहार कुणाला परवडणार?

काही पाकिटांवर लाल ‘एनआरएक्स’ दिसतं. त्याचा अर्थ, औषध शेड्यूल एचमधलं आहे आणि शिवाय अंमली पदार्थांच्या कायद्यातही येतं. त्या कायद्याकडे येऊच.

चिठ्ठी म्हणजे चेक

चिठ्ठीचे नियम लक्षात ठेवायचे तर बँकेचा चेक डोळ्यांसमोर आणावा. चेकवर तारीख लागते, कुणाला द्यायचं त्याचं नाव लागतं, रक्कम लागते, सही लागते. यातलं एक जरी नसलं तरी कॅशियर चेक परत करतो, आणि खातेदार त्याच्या कितीही ओळखीचा असला तरी करतो.

१९४५च्या नियमांतला नियम ६५ चिठ्ठीकडून जवळपास हेच मागतो. ती लेखी हवी, डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव आणि पत्ता हवा, औषधाची एकूण मात्रा आणि एका वेळचा डोस हवा. ‘एकूण मात्रा’ इथे घोळ होतो. ‘रात्री एक’ एवढंच लिहिलेलं असतं. किती दिवस, ते लिहायचं राहतं. मग पंधरा गोळ्या द्यायच्या की साठ, हे दुकानदाराने ठरवायचं का? नाही. त्याने डॉक्टरला विचारायला हवं.

वटलेला चेक दुसऱ्यांदा चालत नाही, आणि काकांची खरी अडचण इथेच आहे. डॉक्टरने ‘पुन्हा देता येईल’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. ‘तीन वेळा’ किंवा ‘दर महिन्याला’ असं लिहिलं असेल, तर तेवढंच आणि त्याच अंतराने. औषध दिल्यावर दुकानदाराने चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची असते. नाहीतर सकाळी एका दुकानात आणि संध्याकाळी दुसऱ्यात, असा एकच कागद गावभर फिरवता येईल. चिठ्ठीवरचा शिक्का पाहून ‘आमचा कागद खराब केला’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तो शिक्का मारणं हे त्याचं कामच आहे.

चिठ्ठी इतक्या दिवसांत बाद होते, असं मात्र नियम ६५ मध्ये कुठे लिहिलेलं नाही. ‘ही चिठ्ठी जुनी आहे’ असं दुकानदार म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुतेकदा हा ‘एकदाच’चा नियम असतो. त्याने तोच सांगावा, म्हणजे वाद निम्म्यावर येईल.

नोंदवहीतली वजाबाकी

एच-वनच्या प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या वहीत, विक्रीच्या वेळीच करायची असते. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, किती दिलं. ही वही तीन वर्षं ठेवायची आणि औषध निरीक्षकाने मागितली की पुढे करायची.

कोरड्या वाटणाऱ्या या वहीत दम किती आहे, ते एका कल्पित दुकानाच्या उदाहरणावरून कळेल. अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा, निरीक्षक दुकानात आला. त्याने आधी खरेदीची बिलं काढायला सांगितली: अल्प्राझोलामच्या दहा-दहा गोळ्यांच्या ६० पट्ट्या घेतल्या, म्हणजे ६०० गोळ्या. मग फळीवरचा माल मोजला: २२० शिल्लक. विकल्या गेल्या ३८०. आता वही. तिच्यात सगळ्या नोंदींची बेरीज २६०. उरलेल्या १२० गोळ्या कुणी नेल्या?

निरीक्षकाला एकाही गिऱ्हाइकाला भेटावं लागलं नाही, कुणाची झडती घ्यावी लागली नाही. या १२० मधल्या ३० गोळ्या आपल्या काकांच्या असतील, अगदी खऱ्या आजारासाठी नेलेल्या. पण वहीच्या दृष्टीने त्या आणि नाक्यावर विकलेल्या गोळ्या सारख्याच. म्हणूनच प्रामाणिक दुकानदार ओळखीच्या माणसालाही नकार देतो. मागितल्यावर नोंदी दाखवता आल्या नाहीत, तर १९४०च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान २० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, तो फटका वेगळाच.

चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायची, हाही नियमच. फार्मसी कायदा, १९४८ तेच सांगतो. फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलत्याच गावी, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. २०१२च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना यावर मोहीम उघडली गेली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी केवढा गदारोळ केला होता! पण ज्याला औषध कळतं त्याने ते द्यावं, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटत नाही.

दुसरा कायदा, ज्याची खरी धास्ती आहे

इथवर सगळं दंडाचं, परवान्याचं आणि थोड्या कैदेचं. यातल्या बऱ्याच गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल, १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातही मोडतात. बातम्यांमधला ‘एनडीपीएस’ तो हाच. एका कायद्यातून सुटलं म्हणजे दुसऱ्यातून सुटलं, असं नाही. दोन्ही एकाच वेळी लागू होतात, हे एनडीपीएसच्या कलम ८० मध्येच सांगितलेलं आहे.

या कायद्यात शिक्षा ठरते वजनावर. अल्प्राझोलामसाठी ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’, १०० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी’ मात्रा. व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी, एक ते दोन लाख रुपये दंड, आणि जामीन मिळणं महाकठीण.

१०० ग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे डोंगरच, असं वाटेल. गोळीत औषध असतं अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नुसतं औषध मोजलं तर दोन लाख गोळ्या लागतील. पण मोजणी तशी होत नाही. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की मिश्रणातल्या निरुपद्रवी घटकांसकट एकूण वजन धरायचं. गोळीचं वजन समजा १०० मिलिग्रॅम धरलं, तर एक हजार गोळ्यांतच १०० ग्रॅमचा काटा गाठला जातो. दहाच्या शंभर पट्ट्या, एका पिशवीत मावतील एवढ्या.

परवानाधारक दुकानात, बिलासह आणि वहीसह ठेवलेल्या मालाला हे लागू नाही. वैद्यकीय वापराची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे, पण नियमांनुसारच. बिल नाही, नोंद नाही, की तोच माल गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकतो. आता दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा ताण समजायला हरकत नाही.

‘पण रुग्णाने घरात किती ठेवायच्या?’

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि उत्तर त्याहून कमी जणांना माहीत असतं. एनडीपीएसच्या नियमांत वैयक्तिक औषधोपचारासाठी अशा गोळ्यांचे एका वेळी १०० डोस बाळगायला मुभा आहे. दीर्घकाळचा आजार असेल आणि डॉक्टरने तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. प्रवासाला निघताना मूळ चिठ्ठी आणि बिल गोळ्यांसोबतच ठेवावं. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरायची सवय अनेक घरांत असते, पण या औषधांपुरती ती सोडलेली बरी. पट्टीवर नाव असतं, बॅच नंबर असतो; सुट्ट्या पांढऱ्या गोळीला ओळखच नसते.

‘तेच औषध दुसऱ्या कंपनीचं द्या की’

डॉक्टरने ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर फार्मासिस्टला परस्पर बदल करता येत नाही. तोच घटक असलेली दुसरी गोळीसुद्धा त्याऐवजी देऊ नये, असं एच, एच-वन आणि एक्सच्या बाबतीत नियमात शब्दशः आहे. डॉक्टरने मूळ औषधाचं, म्हणजे जेनेरिक नाव लिहिलं असेल, तर कुठल्याही कंपनीचं चालतं. सरकार एकीकडे जेनेरिकचा प्रचार करतं आणि दुसरीकडे हा नियम तसाच ठेवतं, ही विसंगती मला खटकते. पण त्याची शिक्षा काउंटरवरच्या माणसाला देऊन काय उपयोग? डॉक्टरकडे जेनेरिक नाव लिहून मागा.

‘आधार कार्ड कशाला? आणि मुलाला पाठवलं तर?’

नियम ६५ आधार कार्ड मागत नाही. नाव आणि पत्ता मागतो. रुग्णाने स्वतः हजर राहावं अशीही त्यात अट नाही, त्यामुळे मुलगा किंवा शेजारी चिठ्ठी घेऊन आला तर चालतं. चिठ्ठीवर नाव मात्र रुग्णाचं हवं. काही दुकानदार चिठ्ठीची झेरॉक्स ठेवून घेतात. एच-वनसाठी ती सक्तीची नाही, पण उद्या प्रश्न आला तर हाताशी पुरावा असावा म्हणून ते करतात. अनेक जिल्ह्यांत अशी औषधं विकणाऱ्या दुकानांना जिल्हाधिकाऱ्यांनी सीसीटीव्ही बसवायला लावले आहेत, तेव्हा वरचा कॅमेराही तुमच्यासाठी खास लावलेला नाही.

‘डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय’

मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि व्हिडिओ किंवा फोनवरून तपासून औषध लिहायला मान्यता मिळाली. पण त्यात एक निषिद्ध यादी आहे. शेड्यूल एक्सची आणि एनडीपीएसमधली औषधं अशी लांबून लिहू नयेत, असा सर्वसाधारण दंडक त्यात घातला. ऑनलाइन औषधविक्रीचे स्वतंत्र नियम ऑगस्ट २०१८ मध्ये मसुदा म्हणून जाहीर झाले, त्या मसुद्यातही अंमली, गुंगी आणणारी आणि शेड्यूल एक्सची औषधं वगळलेलीच होती. तेव्हा रक्तदाबाची गोळी घरपोच येते आणि झोपेची येत नाही, यात ॲपची खोडी काही नाही.

‘चिठ्ठी आहे तरी टाळाटाळ करतो, हे बरोबर का?’

नाही. चिठ्ठी पूर्ण असेल आणि माल असेल, तर तोंड वाकडं करण्याचं कारण नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेतली एक सूचना मला फार आवडते: चिठ्ठी हातात घेताना फार्मासिस्टने तिच्या गुणदोषांवर शेरेबाजी करू नये, इतकंच काय, चेहऱ्यावर धास्ती किंवा आश्चर्यही दिसू देऊ नये, कारण त्याने रुग्ण घाबरतो आणि डॉक्टरवरचा त्याचा विश्वास डळमळतो. चूक उघड दिसत असेल, डोस भलताच वाटत असेल, तर चिठ्ठी डॉक्टरकडे परत पाठवावी. ‘एवढ्या गोळ्या? कशाला खाता हो?’ असं चारचौघांत विचारणारा माणूस कायदा पाळत नसतो. तो आगाऊपणा करत असतो.

‘इतके नियम, तरी नाक्यावर गोळ्या मिळतात कशा?’

आक्षेप खरा आहे. गळती सगळी काउंटरवर होते असं मानलं, की उपाय चुकतो. मोठे साठे काकांच्या चिठ्ठीतून जमत नाहीत. ते जमतात खोट्या बिलांवर आणि घाऊक मालातून बाजूला काढलेल्या खोक्यांतून. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचं उदाहरण घ्या. त्यातलं कोडीनचं प्रमाण कमी असल्यामुळे एका अटीखाली त्याला अंमली पदार्थांच्या कायद्यातून सूट आहे, आणि पकडले जाणारे लोक तीच ढाल पुढे करतात. आसाममधल्या अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये जामीन नाकारताना ती ढाल मानली नाही: वैद्यकीय वापरासाठी नेत असल्याचं दाखवता येत नसेल तर सूट कसली? किरकोळ दुकानातली वही चोख असूनही, वरच्या टप्प्यावर कुणी बेरीज-वजाबाकी केलीच नाही तर गोळ्या नाक्यावर पोहोचणारच.

आणि ज्यांना खरंच लागतं, ते?

नियम कडक केले की नशेखोर आधी अडतो असं नाही. आधी अडतो तो रुग्ण. मॉर्फिनचं तेच झालं. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध. अफू भारतात कायदेशीरपणे पिकते, तरीही १९८५च्या कायद्यानंतर इथल्या रुग्णालयांतला मॉर्फिनचा वापर कमालीचा घसरला. एका रुग्णालयाला ते ठेवण्यासाठी चार-पाच वेगवेगळे परवाने लागत, आणि एकाची मुदत सरली की बाकीचे निरुपयोगी. डॉक्टरांनी आणि औषधदुकानांनी त्याचा नादच सोडला. वेदना मात्र तशाच राहिल्या.

२०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक अंमली औषधं’ ठरली, त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले, आणि रुग्णालयाला परवानगीसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाकडेच जायचं ठरलं. अशी परवानगी मिळालेल्या ठिकाणाला ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणतात. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि हातात मॉर्फिनची चिठ्ठी असेल, तर गल्लीतली मेडिकल धुंडाळण्यात दिवस घालवू नका. तिथे ते बहुधा नसतंच. ज्या डॉक्टरांनी लिहिलं त्यांनाच विचारा, जिल्ह्यातली मान्यताप्राप्त संस्था कोणती. त्यांना माहीत नसेल तर जवळच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात किंवा एफडीएच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.